सकाळी दाखवायचं घर

"आणि हा वास," अण्णा म्हणाले, "रोज येतो बरं का. आजच आलाय असं समजू नका."

चावीताई मागची खिडकी हळूच लावून घेत होती. तिचा हात कडीवरच राहिला.

घर बघायला आलेलं जोडपं शहरातलं होतं. गृहस्थांच्या पायात पांढरेशुभ्र बूट, बाईंच्या डोक्यावर उन्हाची टोपी, आणि ऊन तर केव्हाच उतरलेलं. फाटकातून आत आल्यापासून दोघांचं "काय मोकळी हवा आहे!" चाललं होतं. आता तीच मोकळी हवा समोरच्या टेकडीवरच्या कोंबड्यांच्या शेडवरून अगदी मोकळेपणाने खाली उतरली होती, आणि बाईंचा रुमाल पर्समधून निघून नाकाशी पोचला होता.

"येतो कधीमधी," चावीताई घाईने म्हणाली. "वाऱ्यावर असतं ते."

"रोज," अण्णा म्हणाले. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी धरून ते खुर्चीत असे ताठ बसले होते, की कुणाला वाटावं साक्ष द्यायलाच बोलावलंय. "ऊन कललं की वारा फिरतो. मग जेवणं होईपर्यंत मुक्काम. उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड. आणि न्हाणीघर मागे अंगणात आहे, तिथे शेवाळं धरतं. मी पडलो होतो तिथेच."

"अण्णा!"

"पडलो तर पडलो म्हणायचं. त्यात काय चोरी आहे?"

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. बाई रुमालाआडून म्हणाल्या, "छान आहे हं घर. कळवतो आम्ही." गाडीत बसल्या बसल्या चारी काचा वर गेल्या आणि गाडी वळणाआड दिसेनाशी झाली. 'कळवतो' या शब्दाचा अर्थ चावीताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती त्याच धंद्यात मुरलेली होती.

शहराची बस जिथे वळसा घेऊन परत फिरते, त्याच्या पुढचा हा सगळा भाग. ना धड गाव, ना धड शहर. उंच इमारतीच्या गॅलरीत कपडे वाळत घालावेत आणि खाली बघावं तर कोबीचं शेत. रस्त्याला नवे दिवे आले, तर त्यांच्या उजेडात गाई ऐसपैस बसायला लागल्या. शहरात जागा परवडत नाही आणि गावात जीव रमत नाही, अशी माणसं इथे घर शोधत येत, आणि आली की त्यांना चावीताईलाच गाठावं लागे. तिच्या पर्समध्ये चाव्यांचा एवढा जुडगा असे, की ती येण्याआधी तिचा आवाज येई. म्हणून चावीताई. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागत असेल.

धंद्यात तिचे दोन ठोकताळे होते. एक म्हणजे, उंबऱ्यावर चपला काढून आत येतं ते खरं गिऱ्हाईक. बूट घालून खोल्यांतून फिरतं ते फिरायलाच आलेलं असतं. आणि दुसरा, टेकडीच्या पायथ्याचं कुठलंही घर सकाळीच दाखवायचं. सकाळी वारा शेतांवरून टेकडीकडे चढतो. ओल्या मातीचा वास, पाखरांचा कलकलाट, खिडकीतून कोवळं ऊन; माणूस जागच्या जागी विरघळतो. जुनी माणसं म्हणत, घर पाहावं बांधून. चावीताई म्हणे, घर पाहावं सकाळी. खोटं ती शक्यतो बोलत नसे. विचारलं तर सांगायचं, हा तिचा बाणा. आता सकाळी संध्याकाळचं कुणी विचारत नाही, त्याला ती काय करणार? घर घेतलेली माणसं पुढे बाजारात भेटत, नाक मुरडून म्हणत, "ताई, वासाचं काही बोलला नाहीत ते!" ती म्हणे, "तुम्ही विचारलंत कुठे?" तोवर त्यांचं नाक सरावलेलं असे, आणि दोघंही हसून भाजीकडे वळत.

अशी ही बाई. आणि सख्ख्या बापाचं घर काही केल्या तिच्या हातून विकलं जाईना.

गाडीची धूळ खाली बसली तशी ती आत आली आणि अण्णांच्या समोर उभी राहिली.

"झालं समाधान?"

"माझं काय? त्यांनी विचारावं, मी सांगावं."

"त्यांनी कुठे काय विचारलं होतं! मागच्या वेळी त्या बँकवाल्यांना पाण्याचं सांगितलंत. त्याच्या आधी त्या मास्तरीणबाईंना शेवाळं दाखवायला तुम्ही काठी टेकत अंगणात गेलात. शेवाळं दाखवायला! लोक देवघर दाखवत नाहीत इतक्या कौतुकाने."

अण्णांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. तेवढ्याने चावीताईचा पारा आणखी चढला.

मागच्या थंडीत अण्णा न्हाणीघरात पडले होते. हाक मारून मारून घसा बसला, तरी कुणाला ऐकू गेलं नाही. ऊन कलल्यावर दूध घालणारी बाई आली तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही, ते नशीब. पण त्या दिवसापासून चावीताईला फोन वाजला की धस्स होई. तिचं बिऱ्हाड शहरात, नवरा छापखान्यात पाळीवर, लेक शिकायला हॉस्टेलवर गेल्यामुळे एक खोली रिकामी. तिने धीर करून विषय काढला होता, अण्णा, घर विकू या, तुम्ही माझ्याकडे या. तासभर वाद होईल अशा तयारीने ती आली होती. अण्णा जन्मभर वीज कंपनीत वायरमन. मेन स्विच बंद कर म्हणावं तितक्या सहज ते म्हणाले, "विकून टाक." बस्स. तो होकार इतका झटकन आला, की तो खरा नाही, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

आज ते बाहेर पडलं.

"तुम्हाला माझ्याकडे यायचंच नाहीये," ती म्हणाली. "लेकीचं मन मोडवत नाही म्हणून हो म्हणालात, आणि आता एकेक गिऱ्हाईक पळवून लावताय. सरळ सांगा ना तोंडाने. मी काही परकी आहे का?"

अण्णांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"ठमे, तू त्या वाण्याचं घर कधी दाखवलंस?"

ठमी हे तिचं लहानपणचं नाव. अण्णा ते फार रागात असले की घेत, किंवा फार मायेत. आत्ता कुठलं, ते तिला कळेना.

"आता वाण्याचं काय मधेच? सकाळी दाखवलं."

"आणि पलीकडच्या डॉक्टरीणबाईंचं?"

"सकाळीच."

"कौलारू बंगली?"

तिने पर्स उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"सगळ्या दुनियेची घरं सकाळी दाखवतेस," अण्णा म्हणाले. "आपलं तेवढं दर वेळी संध्याकाळी."

"मला वेळच तेव्हा मिळतो."

बोलून गेली, आणि शब्द तोंडाबाहेर पडतानाच तिला कळलं की हे खोटं आहे. गेल्या रविवारी सकाळी ती आपल्या एजंटगिरीच्या दुकानात रिकामी बसून नखं कापत होती. आजही सकाळ मोकळीच होती. शहरातल्या त्या बाईंनी फोनवर स्वतः होऊन "सकाळी येऊ का?" विचारलं होतं, आणि हिने म्हटलं होतं, "नको, संध्याकाळी या." का म्हटलं होतं?

"मला वाटलं, पोरीचा जीव निघत नाहीये घरातून," अण्णा सांगत होते. "तोंडाने बोलत नाही, पण शिडी लावून खाली उभी आहे. म्हटलं, आपण चढावं. तू वासाच्या वेळेला माणसं आणायचीस, मी उरलेलं सांगायचो. दोघं मिळून चांगलं काम चाललं होतं की आपलं."

चावीताई त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. इतके दिवस ती बापावर डाफरत होती, आणि बाप तिचीच पाठराखण करत बसला होता. तिला रडू आलं. रडण्यापेक्षा स्वतःची लाज जास्त वाटली. साऱ्या गावाला घरं विकणारी बाई, आणि आपण काय करतोय ते आपल्याला कळू नये? टेकडीवरून वास भरभरून येत होता आणि तिने खिडकी लावायचीही तसदी घेतली नाही.

"मग नको विकायला," ती नाक पुसत म्हणाली. "मीच येते इथे राहायला."

"आणि जावयाला रोज छापखान्यात पार्सलने पाठवणार? रात्रपाळी सुटते तेव्हा बस तरी असते का इकडे? वेडी आहेस." अण्णा जरा थांबले. "ऐक. मला यायचंय तुझ्याकडे. खरं सांगतो. रात्री कुठे खुट्ट झालं, की मी विचारतो, कोण आहे? आणि कुणीच नसतं. मला त्याचा फार कंटाळा आलाय ठमे."

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भीती वाटते ती एवढीच," ते म्हणाले. "दिवस कसाही जाईल. पेपर आहे, रेडिओ आहे. पण संध्याकाळी काय करायचं माणसाने त्या बंद दाराआड? इथे निदान हा वास तरी येतो सोबतीला."

विनोद होता, पण दोघांपैकी कुणी हसलं नाही.

"रविवारी ती नर्सबाई येणार म्हणालीस ना?" अण्णांनी काठी परत हातात घेतली. "तिला सकाळी आण."

हायवेवरच्या दवाखान्यात काम करणारी ती नर्स, तिला सगळे सिस्टरच म्हणत. रविवारी सकाळी ती आपल्या आईला घेऊन आली. पायरीशी दोघींनी चपला काढल्या, एकीच्या शेजारी एक नीट लावून ठेवल्या. चावीताईने त्या चपलांकडे दोनदा बघितलं. हे खरं गिऱ्हाईक होतं.

घराने त्या दिवशी अगदी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं. पुढच्या खोलीत ऊन लांबवर पसरलं होतं. शेताकडून वारा येत होता, लिंबाच्या झाडावर पाखरांची शाळा भरली होती. अण्णांनी दाढी केली होती, घाईत हनुवटीला कापूनही घेतलं होतं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसले होते. न पाण्याचं बोलले, न शेवाळ्याचं. विचारलं तेवढ्याला उत्तर. चावीताईला तो शहाणपणा बघवेना. निकालाच्या दिवशी पोरं अशी गप्प असतात.

सिस्टरची आई बोलकी होती. तिने खिडकीच्या फळीवर बोट फिरवून धूळ बघितली, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून उंची बघितली, मग विचारलं, "शेजारी कोण?"

"इकडे रिक्षावाला, बायको शिवणकाम करते," अण्णा म्हणाले. "तिकडे पेन्शनर. थोडा कटकट्या आहे, पण अडीनडीला धावतो."

"कटकटे धावतातच. गोड बोलणारे दार लावून घेतात." म्हातारी अण्णांच्या समोर बसली. दोघांचे गुडघे एकाच बाजूने दुखतात हे निघाल्यावर तर गप्पांना बहरच आला.

सिस्टर लिंबाखाली उभी होती. घरात फिरताना ती फारसं काही बोलली नव्हती. दवाखान्यात पाय मोडेपर्यंत उभं राहायचं आणि भाड्याच्या खोलीत येऊन घरमालकिणीची बोलणी खायची, यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. हे तिने फोनवरच सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, घर का हवंय त्याचं कारण म्हणून. आता तिने झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला.

"आई," तिने हाक मारली, "तुझी खुर्ची इथे ठेवायची." मग चावीताईकडे वळून म्हणाली, "आम्हाला पसंत आहे. घेऊ या."

या जागी गप्प बसायचं असतं. धंद्यातलं पहिलं शिक्षण ते. गिऱ्हाईक 'घेतो' म्हणालं की एजंटाने जीभ दातांखाली धरायची आणि बाकीचं दुकानात बोलायचं. चावीताईने आजवर शेकड्याने घरं विकली होती ती अशीच.

"आज संध्याकाळी परत एकदा येऊन बघा," ती म्हणाली.

खुर्चीत बसलेल्या अण्णांनी मान वर केली.

"संध्याकाळी? का बरं?"

"या तर. मग सांगा."

दुपारभर ती शहरात परतलीच नाही. आतल्या खोलीत जमिनीवर आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी. झोप लागली नाही. अण्णा बाहेरून बोलत होते.

"घेतो म्हणणाऱ्याला परत बोलावणारा एजंट दुनियेत एकच असेल."

"असू दे."

"हे तू तिला फसवायचं नाही म्हणून केलंस, की घर हातचं जाऊ नये म्हणून?"

तिने वर छताकडे बघितलं. पंख्याशेजारी अण्णांनी कधीकाळी वायर फिरवली होती, ती तिरकी गेलेली. बाकी सगळ्या गावाच्या वायरी सरळ.

"खरंच माहीत नाही, अण्णा."

"आईवर गेलीस," ते म्हणाले.

ऊन कललं. सिस्टर आणि तिची आई आल्या, पुन्हा पायरीशी चपला काढल्या. चावीताईने त्यांना अंगणात बसवलं आणि टेकडीकडे बघत राहिली. शेडचे पत्रे लालसर चमकत होते.

आणि वारा काही फिरेना.

लिंबाचं पान हलत नव्हतं. कुठून तरी ओल्या गवताचा मंद वास येत होता, रिक्षावाल्याच्या घरी शिवणयंत्र चाललं होतं, आकाश असं रंगलं होतं की बघत राहावं. इतक्या वर्षांत ही संध्याकाळ अशी कधी वागली नव्हती, आणि आजच तिला हे सुचावं! चावीताईने खोल श्वास घेतला. काही नाही. तिने पुन्हा घेतला.

"किती छान वाटतंय," सिस्टर म्हणाली. "हेच दाखवायचं होतं का?"

हो म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवू शकलं नसतं. संध्याकाळी बोलावलं, त्या आल्या, त्यांनी बघितलं. चावीताईने अण्णांकडे पाहिलं. ते आपल्या काठीच्या मुठीकडे बघत होते. आज त्यांनी शिडीला हात लावायचा नाही असं ठरवलेलं दिसत होतं.

"नाही," चावीताई म्हणाली. "दाखवायचं होतं ते आज आलंच नाही. इथे संध्याकाळी वास येतो. त्या समोरच्या कोंबड्यांच्या शेडचा. चांगला सणसणीत येतो. आज कसा कोण जाणे वारा पडलाय, पण एरवी रोज येतो. मी इथलं दुसरं कुठलंही घर संध्याकाळी दाखवत नाही ते त्यामुळेच." एकदा तोंड उघडल्यावर मग तिला थांबवेना. "उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं. न्हाणीघरात शेवाळं धरतं, तिथली फरशी आधी बदलून घ्या. पुढच्या खोलीतला दिवा लागायला वेळ लावतो."

"तो मी करून देतो," अण्णा न राहवून म्हणाले. "आणि एक मांजर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतं. ते घराबरोबरच येणार, त्याला माझा इलाज नाही."

सिस्टरने आईकडे बघितलं. आईने अण्णांकडे.

"मग तुम्ही एवढी वर्षं राहिलात कसे इथे?"

"आम्ही?" अण्णांनी टेकडीकडे नजर टाकली. "हिच्या आईने पहिल्या संध्याकाळी नाक दाबलं, ते सकाळपर्यंत सोडलं नाही. म्हणाली, कुठे आणून टाकलंत मला! मी म्हटलं, बदलू जागा. पैसा कुठे होता बदलायला? मग हळूहळू कसं झालं माहितीये, वास आला की ती म्हणायची, चला, चहा टाकते. घड्याळ बंद पडलं तरी तिचं अडायचं नाही. वास आला, की त्याच्या मागोमाग ही यायची, दप्तर फरफटत. मग मी. मी दिवसभर खांबांवर. सायकलवरून येताना त्या वळणावर नाकाला वास लागला, की पाय आपोआप जोरात चालायचे. आलं घर म्हणायचो. ती गेल्यावर सुद्धा... आता चहा मीच टाकतो. पण वास आल्याशिवाय नाही टाकत."

चावीताईने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

सकाळी या घरात कुणी कुणाकडे बघायचं नाही. डबे भरायचे, पाणी भरायचं, किल्ली कुठे, वही कुठे, आणि जो तो दाराबाहेर. तिच्या आठवणीत सकाळचं घर म्हणजे पाठीमागे लागलेलं दार. घर भरायचं ते संध्याकाळी. तो वास यायचा, स्टोव्ह पेटायचा, सायकलची घंटी वाजायची, आणि तिघंही एका जागी असायची. तिने कुणालाही पळवून लावलं नव्हतं. आपलं घर दाखवायचं म्हटल्यावर ते जेव्हा सगळ्यात छान असतं तेव्हाच तिने दाखवलं होतं. एवढी मुरलेली बाई, पण याचा तिच्या नाकाला कधी वासही लागला नव्हता.

तिने तोंड फिरवलं. सिस्टरने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"मला तर गेल्या सर्दीपासून कसलाच वास येत नाही," म्हातारी म्हणाली. "माझं काही नाही. हिचं हिने बघावं."

"आमच्या घरमालकिणीच्या जिभेपेक्षा कुठलाही वास गोडच असणार," सिस्टर म्हणाली. "सकाळी घेऊ म्हटलं होतं ना? घेतलं मग."

चावीताईने मान हलवली. एरवीची दोन चार ठेवणीतली वाक्यं आज तिने काढलीच नाहीत. अण्णा उठून उभे राहिले, म्हातारीला म्हणाले, "लिंबाला आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घालायचं. रोज थोडं थोडं नाही. सवय बिघडते त्याची." आणि बोलता बोलता त्यांनी झाडाकडे पाठ केली.

दोघी फाटकापर्यंत पोचल्या असतील, एवढ्यात लिंबाची पानं सळसळली. टेकडीवरून वारा उतरला आणि आला, आज उशीर झाला म्हणून दुप्पट आला. सिस्टर फाटकाच्या कडीवर हात ठेवून थांबली. तिने नाक वर करून नीट हुंगलं, दवाखान्यात रोग्याचं दुखणं समजून घ्यावं इतक्या शांतपणे.

"हाच का?"

"हाच," चावीताई म्हणाली.

"हं." सिस्टर क्षणभर टेकडीकडे बघत राहिली. "म्हणजे चहा टाकायची वेळ झाली."

चावीताई हसायला लागली आणि रडायलाही लागली, आणि अण्णांनी डोळे पुसायला आपल्या इस्त्रीच्या शर्टाची बाही पुढे केली.

अण्णा शहरात आले त्या दिवशी सामान फारसं नव्हतंच. एक ट्रंक, रेडिओ, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी. ती पिशवी त्यांनी जावयाच्या हाती सुद्धा दिली नाही. सामान वर पोचवून जावई पाळीला गेला. चावीताईने दार उघडं धरलं, तरी अण्णा उंबऱ्याबाहेरच उभे. मग आत आले ते चपला घालूनच. चपलांसकट दिवाणखाना ओलांडून ते खोलीच्या दारापाशी जाऊन थांबले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून आत बघू लागले.

अण्णा, चपला, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. मग तिला उमगलं, ते अजून घर बघत होते. तिने खांद्यावरची पर्स सारखी केली, चाव्या वाजल्या.

"या," ती म्हणाली. "ही खोली. सकाळचं ऊन इथे येत नाही. समोर भिंत आहे, त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही. वरच्या मजल्यावर दोन पोरं आहेत, ती दुपारी पलंगावरून उड्या मारतात. लिफ्ट मधेच अडकते, अडकली की घंटी दाबायची आणि घाबरायचं नाही. खिडकीचा एक दरवाजा नीट बसत नाही. तुमचा जावई झोपेत घोरतो, ते भिंतीतून ऐकू येतं. रात्री खुट्ट झालं तर तोच असेल, नाहीतर मी."

"हं," अण्णा म्हणाले. त्यांनी खिडकीपाशी जाऊन तो न बसणारा दरवाजा हलवून बघितला. भिंतीकडे बघितलं. एखादं चोखंदळ गिऱ्हाईक बघतं तसं कोपऱ्यांत बघितलं. मग तिच्याकडे न वळताच त्यांनी विचारलं,

"आणि संध्याकाळी? संध्याकाळी इथे काय येतं?"

चावीताईने बाहेर बघितलं. टेकडी नव्हती, शेत नव्हतं. वाऱ्याला आत यायला वाटच नव्हती.

"संध्याकाळी मी येते," ती म्हणाली.

अण्णा भिंतीकडून वळले. मग खिडकीच्या चौकटीला हात धरून, सावकाश, त्यांनी एका पायातली चप्पल काढली. मग दुसरी.

"घेतलं," ते म्हणाले. "चहा टाक."